राजकन्या मरणार नाही, हे सगळ्यांना माहीत आहे

पत्र: मी टी.वाय. बीएस्सीला आहे, भांडुपला राहते. ‘स्टार वॉर्स’ चित्रपटांतल्या राजकन्या लेयाच्या सोळाव्या वर्षावर मराठीत कादंबरी लिहितेय. ११ प्रकरणं, ४२ हजार शब्द झालेत आणि शेवट अजून दूर आहे. बहुतेक मजकूर लोकलमध्ये, सीएसएमटीला जाता-येता मोबाइलवर टाइप केलाय. तीन मैत्रिणींना वाचायला दिली, तिघींनीही चौथ्या प्रकरणाशी सोडली. एक म्हणाली, ‘ती मरणार नाही हे माहीतच आहे, मग टेन्शन कसलं?’ दुसरी म्हणाली, ‘मराठी वाटतच नाही.’ तिसरी काहीच म्हणाली नाही. ही कादंबरी वाचवता येईल का? आणि ९९ रुपयांचं ई-बुक काढून विकली तर चालेल का? पहिली पाच प्रकरणं आणि पुढच्यांचा गोषवारा सोबत पाठवतेय. एप्रिलमध्ये परीक्षा आहे, त्यामुळे आई वैतागली आहे.
– अर्धवट कादंबरीवाली, भांडुप

प्रिय अर्धवट कादंबरीवाली,

विकण्याचं आधी सांगून टाकतो, कारण उत्तर छोटं आहे: नाही. का नाही आणि मग काय करायचं, ते पुढे येईलच. आधी कादंबरी.

तुझी पहिली मैत्रीण बरोबर बोलली. १९७७च्या चित्रपटात लेया १९ वर्षांची आहे, धडधाकट आहे आणि तोंडाने चांगली तिखट आहे. मग सोळाव्या वर्षी ती कड्यावरून घसरली काय किंवा तिच्यावर कोणी गोळी झाडली काय, वाचकाचा जीव टांगणीला लागणार कसा? तुझ्या पाच प्रकरणांत ती सात वेळा मरता मरता वाचते. सातही वेळा वाचक पान उलटायच्या आधीच निश्चिंत असतो. तिच्या जिवाची भीती तुला वापरताच येणार नाही, ते खातं बंद आहे. पण चित्रपटातल्या लेयाकडे जे दिसत नाही, ते कधीकाळी तिच्याकडे होतं आणि गेलं, असं धरून चाल. एखादा माणूस, एखादी खात्री, आईबाबा आपल्याशी कधीच खोटं बोलत नाहीत हा भाबडा विश्वास. ते कसं जातं याची धाकधूक मात्र पुरेपूर वाटते, कारण त्याचं उत्तर चित्रपटाने दिलेलं नाही.

नेमक्या याच वयावर एक इंग्रजी कादंबरी आधीच आहे, हे तुला बहुधा माहीत नसावं. क्लॉडिया ग्रे यांची ‘लेया, प्रिन्सेस ऑफ आल्डरान’ सप्टेंबर २०१७मध्ये आली, तीही युवा वाचकांसाठीच. नाराज होऊ नकोस. फ्लोरा फाउंटनच्या किंवा माटुंग्याच्या फुटपाथवर जुनी प्रत मिळतेय का बघ आणि हातात पेन्सिल घेऊन वाच. त्यात सोळा वर्षांच्या राजकन्येला गादीची वारस ठरण्यासाठी तीन आव्हानं पार पाडायची असतात, शरीराचं, बुद्धीचं आणि मनाचं. शरीरासाठी ती शिखर चढायला घेते, बुद्धीसाठी राजकारणाची उमेदवारी करते, मनासाठी संकटात सापडलेल्या ग्रहांवर मदत घेऊन जाते. आणि घरी आईवडील तिच्यापासून काहीतरी लपवताहेत. बघ, ‘जगेल का’ हा प्रश्न कुठे आलाच नाही.

दुसरं म्हणजे त्यात किअर डोमाडी नावाचा तिच्याच ग्रहावरचा एक मुलगा आहे. चित्रपटांत त्याचं नावसुद्धा कोणी घेत नाही, म्हणून त्याचं काहीही होऊ शकतं आणि वाचकाला ते कळत असतं. त्याचं काय होतं ते इथे सांगत नाही. तुझ्या कादंबरीत असा एकही माणूस नाही. आहेत ते सगळे ओळखीचे, तेही तेरा! दर प्रकरणात कोणीतरी चित्रपटातला येतो, एक वाक्य बोलतो आणि निघून जातो, लग्नाच्या रिसेप्शनला पाकीट देऊन जावं तसा. तेरातले दोन ठेव. बाकीच्यांच्या जागी दोन-तीन नवी माणसं आण, आणि त्यातल्या एकावर तरी वाचकाचा जीव जडेल इतकी पानं त्याला दे. चाळीस पानं तरी लागतात.

तिसरी गोष्ट, तिचा ग्रह. तीन वर्षांनी आल्डरानचा चक्काचूर होणार, हे चित्रपट पाहिलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. त्यामुळे आई लेकीचे केस विंचरतेय एवढं साधं दृश्यही जड होतं, तुला वेगळं काही करावं लागत नाही. आणि तू नेमकं तेच करतेस. ‘तिला काय ठाऊक होतं, की हे सगळं एक दिवस…’ या घाटाची नऊ वाक्यं आम्ही मोजली. नऊही काढ. वाचकाला जे माहीत आहे ते लेखकाने कानात येऊन सांगितलं की त्याचा गहिवर तिथल्या तिथे विरतो.

आता कंटाळवाणं पण टाळता न येणारं काम. एक लांब वही घे आणि तीन रकाने आख: चित्रपटाने पक्कं केलेलं, चित्रपटाने सूचित केलेलं, आणि कोरं. चित्रपट सबटायटल लावून थांबत थांबत बघ. लेयाचं किंवा लेयाबद्दलचं प्रत्येक वाक्य कितव्या मिनिटाला येतं त्यासकट लिही. दोन संध्याकाळी पुरतात. पहिल्या रकान्याशी तुझं कथानक भिडतं तिथे तू चुकलेली आहेस, वाद नाही. उदाहरणार्थ, आपल्या ग्रहावर शस्त्रं नाहीत असं ती चित्रपटात स्वतः सांगते, आणि तुझ्या तिसऱ्या प्रकरणात राजवाड्याच्या तटावर तोफा आहेत. केनोबी (चित्रपटात ती ज्याची मदत मागते तो म्हातारा योद्धा) हे नाव ती तुझ्या सहाव्या प्रकरणात पहिल्यांदा ऐकते. ‘ओबी-वान केनोबी’ या २०२२च्या मालिकेत ती दहा वर्षांची असतानाच त्याला भेटलेली आहे. मालिका मानायची नसेल तर नको मानू, पण ते ठरवून, नजरचुकीने नव्हे.

खरा माल मधल्या रकान्यात असतो. साम्राज्याच्या टारकिन या गव्हर्नरसमोर उभी केल्यावर ती ज्या सुरात बोलते, त्यावरून दोघं एकमेकांना आधीपासून ओळखतात हे उघड आहे. कुठे भेटले असतील? काय बोलणं झालं असेल? असं एक ‘सूचित’ सापडलं की एक प्रकरण मिळतं. तुझ्या सहा लढायांपेक्षा ते जास्त वाचलं जाईल.

पाचव्या प्रकरणातल्या बचावयानावर जरा थांबू, कारण तिथे तुझ्या हातात सोनं होतं आणि तू लेझरच्या मागे धावलीस. तिघं जण, छोटं यान, मदत यायला अकरा दिवस. तुझी पात्रं ऑक्सिजन संपेल म्हणून घाबरतात. हिशेब करू. माणसाला दिवसाला साधारण ०.८४ किलो ऑक्सिजन लागतो, म्हणजे तिघांना अकरा दिवसांचा सुमारे २८ किलो. तो टाकीत भरून नेता येतो. खरा घात करतो तो सोडलेला श्वास. माणशी दिवसाला साधारण एक किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, म्हणजे ३३ किलो, आणि बंद यानात तो जाणार कुठे? तो शोषून घ्यायला लिथियम हायड्रॉक्साइडचे डबे लागतात. एक किलो वायूला सुमारे १.१ किलो, म्हणजे ३६ किलो लागेल. आता यानात वीसच किलो ठेव. सहाव्या दिवशी डबे संपतात, ऑक्सिजनची टाकी मात्र अर्धी भरलेली!

मग काय होतं ते लिही. डोकं ठणकायला लागतं. पेंग येते. माणसं कारण नसताना चिडतात आणि साध्या बेरजा चुकतात. जो जास्त हालचाल करतो तो जास्त वायू सोडतो, म्हणून कोणीतरी कोणालातरी गप्प पडून राहायला सांगावं लागतं. राजकन्येला सांगितलं तर? हुकूम सोडायची सवय असलेली मुलगी पाठीवर पडून छताचे खिळे मोजतेय, आणि दर वेळी आकडा वेगळा येतोय. ती मरणार नाही हे ठाऊक असूनही इथे वाचकाला कोंडल्यासारखं होईल, कारण खिळे तोही मोजत असेल. सुटकाही साधी ठेव. एप्रिल १९७०मध्ये अपोलो १३च्या अंतराळवीरांवर नेमकी हीच वेळ आली होती. मुख्य यानातले डबे चौकोनी होते आणि त्यांनी ज्यात आसरा घेतला त्या चांद्रयानातली खाच गोल. त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशव्या, पुठ्ठा, नळी आणि चिकटपट्टी वापरून जोड बसवला. तसाच जोड देऊ नकोस, पण त्याच जातीचा दे: जवळ असलेल्या क्षुल्लक वस्तूंतून बनलेला. तुझी यानं हायपरस्पेसमधून उडोत, त्याला कोणी हिशेब विचारत नाही. पण आतल्या माणसांची फुप्फुसं आपल्यासारखीच असतात.

आता दुसरी मैत्रीण, ‘मराठी वाटत नाही’वाली. तीही बरोबर आहे. तुझी तीन वाक्यं जशीच्या तशी देतो.

‘मला तुझी पाठ आहे,’ तो म्हणाला.

तिने तो श्वास सोडला, जो ती धरून होती हे तिला माहीत नव्हतं.

‘तू हे कसं करू शकतोस?’ ती ओरडली, तिचे डोळे फिरवत.

पहिलं वाचून आम्हाला आधी फिजिओथेरपिस्ट आठवला. तुला म्हणायचंय, ‘तू जा. मागचं मी बघतो.’ दुसऱ्याला ‘तिने सुस्कारा सोडला’ पुरे. तिसऱ्यात नुसतं ‘असं कसं केलंस रे तू?’ ठेव, डोळे, भुवया, ओरडणं सगळं त्या ‘रे’मध्ये आलं. तू इंग्रजी युवा कादंबऱ्या खूप वाचतेस आणि मनात इंग्रजी वाक्य आधी तयार होतं, हा रोग आहे. औषध एकच, संवाद लिहून झाले की मोठ्याने म्हणून बघ. लोकलमध्ये नको. घरी, आईला ऐकू जाईल एवढ्या आवाजात. ती ‘काय गं?’ म्हणाली तर ते वाक्य गेलं.

पण मराठी नुसती चुका टाळण्यासाठी नाही. इंग्रजी लेखकाकडे नसलेली हत्यारं तुझ्याकडे आहेत आणि ती तू काढलेलीच नाहीस. ‘आम्ही’ आणि ‘आपण’ घे. त्यांच्या एकाच ‘वुई’मध्ये ऐकणारा आहे की नाही ते कळत नाही, आपल्याकडे लगेच कळतं. बंडखोरांचा वैमानिक पूर्ण कादंबरीभर राजकन्येशी बोलताना ‘आम्ही’ म्हणू दे: ‘आम्ही उद्या निघतोय.’ ‘आमची माणसं अडकलीत.’ आणि एका रात्री, काहीही न समजावता, ‘उद्या आपण निघतोय.’ प्रकरण तिथेच संपव. तिला संघटनेत घेतलं, असं वेगळं वाक्य लिहायची गरज उरत नाही.

तसंच ‘तू’ आणि ‘तुम्ही’. तुझी लेया वडिलांना एका पानावर ‘बाबा, तू’ म्हणते आणि पुढच्या पानावर ‘तुम्ही’, उगाचच. ठरव: घरात ‘तू’, दरबारात ‘आपण’. मग वडिलांचं खोटं उघडं पडतं त्या रात्री, दार बंद असताना, घरातल्या घरात ती म्हणेल, ‘तुम्ही मला सांगायला हवं होतं.’ जेवणाच्या टेबलावर ‘तुम्ही’ आलं, यापेक्षा मोठी थप्पड नाही.

आणि लिंग. आपल्याकडे तीन आहेत, मिरव. परग्रहावरचा जीव पहिल्यांदा दिसतो तेव्हा निवेदनात त्याला ‘ते’ म्हण: ‘ते दारात उभं होतं.’ ओळख झाली, नाव कळलं, की मध्येच कुठेतरी ‘ती दारात उभी होती’. ते ‘ते’ आपण लाडाने पोरासोरांनाही लावतो, म्हणून कुरकुरणाऱ्या छोट्या यंत्रमानवाला शेवटपर्यंत ‘ते’ ठेवलंस तरी गोड दिसेल. मात्र प्रथमपुरुषी लिहिणार असशील तर सावध राहा. ‘मी आले’ म्हटलं की बाई आहे हे फुटलं. मुलाच्या वेषातली मुलगी असं रहस्य प्रथमपुरुषी मराठीत पहिल्याच क्रियापदाला गळतं.

शब्दांचं थोडक्यात: यंत्राचं नाव आहे तसं ठेव (ब्लास्टर, हायपरस्पेस, एअरलॉक), घरचं आणि दरबारचं मराठीत आण. ‘अतिअवकाश-प्लुती’ काढ. ‘लेयाने’ आणि ‘लेयेनं’ दोन्ही आहेत, एक निवड, ‘लेयाने’ बरं.

लांबीबद्दल तू विचारलेलं नाहीस, पण विचारायला हवं होतं. मराठीत प्रत्यय शब्दालाच चिकटतात, त्यामुळे तेवढीच गोष्ट इंग्रजीपेक्षा कमी शब्दांत बसते. डेमी आकाराच्या पानावर २५० ते २८० शब्द धरले तर तुझी आत्ताच दीडशेच्या वर पानं झालीत. पूर्ण कादंबरी ३५ हजारांत बसव. कापायला सुरुवात पहिल्या चार प्रकरणांपासून कर. साडेतेरा हजार शब्द होतात आणि राजवंशाची माहिती आणि ते फुकाचे धोके सोडले तर काहीही घडत नाही. तिथेच तिघी उतरल्या.

एक गंमतही दिसली. तुझं प्रत्येक दृश्य ८५० ते ९५० शब्दांत संपतं आणि शेवटच्या ओळीत धक्का असतो. भांडुपहून सीएसएमटीपर्यंत स्लो लोकलला साधारण पाऊण तास लागतो. स्टेशन आलं की दृश्य मिटतं! लोकलमध्ये संवाद लिही, टिपणं काढ, पण दृश्य कुठे थांबवायचं ते घरी ठरव. बचावयानाला दोन हजार शब्द लागतील, टारकिनच्या भेटीला कदाचित चारशेच. आणि एक रात्र वांगणीला आकाशदर्शनाच्या कार्यक्रमाला जाऊन ये. तुझ्या आकाशात तारे सतत ‘लुकलुकतात’. लुकलुकणं हवेमुळे होतं, यानाच्या खिडकीतून तारा अगदी स्थिर दिसतो. वांगणीला क्षितिजाजवळचा तारा आणि डोक्यावरचा तारा आलटून पालटून बघ, फरक डोळ्यांनी कळेल.

आता ते ९९ रुपये. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात रूपांतराचा हक्कही मूळ हक्कदाराकडेच आहे. भारतात चित्रपटावरचा हक्क प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो, म्हणजे १९७७च्या चित्रपटाचा २०३७ अखेरपर्यंत. नंतरच्या चित्रपटांची आणि पुस्तकांची मुदत त्याहून लांब, आणि नावा-चिन्हांवर ट्रेडमार्क वेगळा. नुसतं पात्रच तर घेतलंय, हा बचावही कच्चा आहे. चुलबुल पांडेवरून २०१६मध्ये मुंबई उच्च न्यायालयात प्रकरण गेलं तेव्हा ठसठशीत, वेगळ्या पात्राला संरक्षण मिळू शकतं, असंच मत न्यायालयाने प्राथमिक टप्प्यावर नोंदवलं होतं. फुकट वाटलंस तरी हक्क तुझ्याकडे येत नाही; कंपन्या अनेकदा कानाडोळा करतात, एवढंच. मैत्रिणींना वाचायला दे, विकू नकोस.

म्हणून आमचा सल्ला, विकायचंच असेल तर हे जग सोड. नुसती नावं बदलून भागणार नाही. लेयाची ‘रेवा’ केलीस आणि काळ्या शिरस्त्राणातला बाप, हरवलेला जुळा भाऊ, ग्रह फोडणारं अस्त्र तसंच ठेवलंस तर कोणालाही कळेल. तुझं स्वतःचं काय आहे ते बाजूला काढ. बचावयान तुझं आहे. पाहुण्यांच्या यादीत लपवलेला नकाशा तुझा आहे, आणि तो फारच छान आहे. दरबारातली मुलगी आणि बंडखोर वैमानिक हे कोणाच्याच मालकीचे नाहीत. एवढ्यावर नवा ग्रह उभा राहतो. ओळखीच्याच पात्रांचं तरुणपण हवं असेल तर फ्रेंच दिग्दर्शक मेलिएसच्या १९०२च्या मूकपटातले चंद्रावर जाणारे ते दाढीवाले, टोकदार टोप्यांचे खगोलशास्त्री घे. त्यांच्यावरचे हक्क कधीच संपलेत. ते विशीत कसे होते? (दारासिंगच्या १९६७च्या ‘चांद पर चढाई’वर मात्र २०२७ अखेरपर्यंत नजर टाकू नकोस.)

बचावयानाचं प्रकरण स्वतंत्र कथा म्हणून आधी लिही, अडीच-तीन हजार शब्दांत. चुनाभट्टीच्या मराठी विज्ञान परिषदेची विज्ञानकथा स्पर्धा असते, तिचे नियम मागवून घे. १९७४मध्ये जयंत नारळीकरांनी याच स्पर्धेला ‘कृष्णविवर’ ही कथा नारायण विनायक जगताप या नावाने पाठवली होती, आपली आद्याक्षरं उलटी करून, आणि ती पहिली आली. टोपणनावाची हौस तुलाही आहेच. दिवाळी अंकांना पाठवणार असशील तर त्यांचं साहित्य पावसाळ्यातच गोळा होतं, दसऱ्याला जाग येऊन उपयोग नाही.

एप्रिलपर्यंत फक्त वही आणि तीन रकाने, तेही रविवारी. परीक्षा झाली की पहिली चार प्रकरणं वेगळ्या फाइलमध्ये हलव. पुसू नकोस, त्यातली दोन पानं पुढे लागतील. कादंबरी सुरू होऊ दे ती पाहुण्यांच्या यादीपासून: आई नावं वाचतेय, मुलगी शाई वाळवतेय, आणि सतरावं नाव आई दोनदा वाचते.